मेलेल्याला नाव हवं

१

सुभेदार नाथाजींना फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सकाळची दाढी, इस्त्रीचा शर्ट आणि वेळेवरचा चहा यांतून ते अजून निवृत्त झाले नव्हते. त्यांची बायको साळूबाई म्हणायची, "सरकारनं ह्यास्नी पेन्शन दिली, पर ड्युटी काय काढून घेतली न्हाई." असा हा कडक माणूस गेल्या वर्षी गावी, पलूसला, स्वतःच्या उसाला पाणी पाजायला गेला आणि बांधावर उभा राहून शेजाऱ्याला विचारू लागला, "गड्या, माझं घर कुठल्या अंगाला?" शेजाऱ्याला आधी थट्टाच वाटली. मग त्यानं हाताला धरून त्यांना घरी आणून सोडलं. त्याच आठवड्यात मुलगा पृथ्वीराज दोघांना साताऱ्याला आपल्या फ्लॅटवर घेऊन आला.

पृथ्वीराजची एमआयडीसीतली पाळ्यांची नोकरी. त्यामुळे आबांची, म्हणजे नाथाजींची, काळजी सुनेच्या, राजनंदिनीच्या, वाट्याला आली आणि तिनं ती आनंदानं घेतली. ती खाजगी क्लासमध्ये गणित शिकवायची. लग्नानंतर तिनं नोकरी करावी की नाही यावर भावकीत बराच खल झाला, तेव्हा आबांनी एका वाक्यात निकाल दिला होता, "पोरगी शिकवती, कुणाच्या दारात हात पसरत न्हाई." त्या एका वाक्यापायी ती त्यांच्यावर जीव टाकायची. आता तिला भीती एकच होती. एखाद्या सकाळी हा माणूस आपल्याकडे बघून विचारेल, "ही कोण?"

डॉक्टर म्हणाले होते, डोक्याला काम द्या. शब्दकोडी झाली, पत्ते झाले. पत्त्यांत आबा हरले की चिडायचे. शेवटी तिनं एक विलायती खेळ मागवला. पटावर बंगल्याचा नकाशा. बंगल्याचा मालक मेलेला. त्याला कोणी मारलं, कशानं मारलं आणि कोणत्या खोलीत मारलं, ही तीन कार्डं आधीच एका पाकिटात बंद करायची. उरलेली कार्डं सगळ्यांनी वाटून घ्यायची. आपल्या पाळीला संशय बोलून दाखवायचा, आणि ज्याच्या हातात त्यातलं कार्ड असेल त्यानं ते गुपचूप दाखवायचं. जे कोणाच्याच हातात नाही, ते पाकिटात. गणिताच्या बाईला आवडावा असाच खेळ होता.

पृथ्वीराजच्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी चौघं सतरंजीवर बसले. पहिली अडचण नावांची. कार्डांवरच्या साहेब-मडमांची नावं साळूबाईंच्या जिभेवर बसेनात. पृथ्वीराज म्हणाला, आपल्याच पाव्हण्यांची नावं देऊ. त्यावर साळूबाईंनी कानाला हात लावला.

"जित्या माणसास्नी खुनाच्या खेळात वडू नगा. अभद्र असतंय ते."

म्हणून मग टोपीवाला, दाढीवाला, चष्मेवाली, लाल लुगड्यातली बाई अशी बिननावाची माणसं ठरली. आबा मात्र पाकिटाकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि मेलाय त्यो कोण? त्याला नाव पायजेच. बिननावाचा मुडदा म्हंजे बेवारशी. पंचनामा कुणाचा करायचा?"

"आप्पासो म्हणूया," राजनंदिनी सहज म्हणाली. नाव का सुचलं हे तिलाही सांगता आलं नसतं.

"आपल्यात कोण आप्पासो न्हाई न्हवं?" साळूबाईंनी खात्री करून घेतली.

"गावात पायलीला पन्नास असतील. आपल्या घरात एकबी न्हाई," आबा म्हणाले, आणि खेळ सुरू झाला.

२

खेळ आबांना मानवला. पहिल्या दिवशी त्यांनी पाकीटच उघडून बघितलं, दुसऱ्या खेपेला आपली कार्डं सगळ्यांना दाखवली, पण महिन्याभरात सुभेदार लढाईला बसल्यासारखे मांडी ठोकून बसू लागले. कुणी काय विचारलं, कुणी कुणाला काय दाखवलं, सगळं ध्यानात. राजनंदिनीला इतका आनंद झाला की ती स्वयंपाकघरात जाऊन एकदा रडून आली.

मग तिच्यातली शिक्षिका जागी झाली. खेळ संपला की ती आबांना आप्पासोबद्दल एक नवी गोष्ट सांगायची आणि पुढच्या खेपेला विचारायची. आप्पासो चहा बिनसाखरेचा प्यायचा. आप्पासोचा डावा पाय जरा आखूड होता. आप्पासोला वांगं चालायचं नाही. आबा एकूण एक लक्षात ठेवायचे, वर थट्टा करायचे, "वांगं खाईना, चा गोड लागंना. असल्या माणसाला मारलं त्यात नवल काय!"

भाद्रपद सरत आला तसं म्हाळासाठी सगळी पलूसला गेली. शेताकडेचं स्लॅबचं घर उघडलं, झाडून घेतलं. सर्वपित्रीच्या दिवशी साळूबाईंनी खीर, वडे, गवारीची भाजी, सगळं केलं आणि पितरांची पानं वाढून गच्चीवर नेली. एकेका पानाशी हात जोडून त्या नाव घेत होत्या. सासरे, सासू, आजेसासरे. शेवटी एक पान उरलं.

"हे कुणाचं, आत्या?" राजनंदिनीनं विचारलं.

साळूबाई जरा ओशाळल्या. "आप्पासोचं. हसू नगंस. दर खेपंला मारतोय बिचाऱ्याला. ना क्रिया, ना दहावं. तिथी ठावं न्हाई त्याचं आज घालत्यात."

राजनंदिनी हसली. मागून पृथ्वीराजही हसला. आबा हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

पितरांच्या पानांकडे दुपारपर्यंत कावळा फिरकला नाही. आप्पासोच्या पानावर मात्र साळूबाईंनी त्याचं नाव पुरतं घ्यायच्या आत एक येऊन बसला. मग दुसरा. बघता बघता पान काळं झालं. त्यांनी खीर खाल्ली, वडा खाल्ला, भात उधळला. साळूबाईंनी कौतुकानं पदर तोंडाला लावला, "कसा भुकेला हुता बघ." राजनंदिनीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पण तिनं लगेच तिला हाकलून दिलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते म्हणतात ते हेच. नैवेद्यात वांगं नव्हतं हेही तिला आठवलं आणि उगाचच अंगावर काटा आला.

३

साताऱ्याला परत आल्यावर एका सकाळी चहा पिता पिता आबा म्हणाले, "आप्पासो तोंड भिंतीकडं करून झोपायचा. कवाबी बघा, पाठच दिसायची."

राजनंदिनीचा कप हातातच राहिला. ही गोष्ट तिनं सांगितलेली नव्हती.

"आबा, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगाय कशाला पायजे? माझ्या शेजारीच झोपायचा की. धाकटा भाव माझा."

ती त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. रिक्षात आबा बाहेर बघत, अजिंक्यताऱ्याकडे बोट दाखवून काहीबाही सांगत होते आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. डॉक्टरांनी तपासणी केली. वार, महिना, उलटे आकडे मोजणं, घड्याळाचं चित्र. आबांनी सगळं बिनचूक केलं. डॉक्टरांनी विचारलं, भावंडं किती? "आमी दोघं भाव. धाकटा गेला," आबा म्हणाले, आणि डॉक्टरांनी मान डोलावून पुढचा प्रश्न विचारला.

बाहेर येऊन डॉक्टर तिला म्हणाले, "गेल्या वर्षीपेक्षा खूप सुधारणा आहे. काय करताय ते चालू ठेवा."

"पण डॉक्टर, त्यांना भाऊ नव्हता."

डॉक्टरांनी फाईल मिटली. "आठवणीत रिकामी जागा असली की मन काहीतरी भरतं. तुम्ही त्यांच्याशी वाद घालू नका."

तिला हायसं वाटलं. हे तर तिला पटण्यासारखं होतं. आपणच एकेक गोष्ट शिकवली, मनानं पुढची रचली. चूक आपली, पण भयंकर असं काही नाही. घरी येऊन तिनं साळूबाईंना सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाली, "आत्या, आबा आप्पासोबद्दल बोलले की नुसतं हो म्हणायचं."

साळूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"व्हय म्हणायचं म्हंजे? माझा दीर हुता त्यो. लगीन हून आले तवा पयला वयनी म्हणून त्यानंच हाक मारली मला. तू त्याचं नाव काढू नगंस, नंदिनी. तू तरी नगंस."

शेवटचं वाक्य त्या हळू बोलल्या. राजनंदिनीला त्याचा अर्थ विचारायचा होता, पण साळूबाई भाजी घेऊन आत गेल्या.

४

त्या आठवड्यात खेळायला बसताना तिनं मनाशी ठरवलं होतं, हा शेवटचा डाव. एकदम बंद केलं तर आबा हिरमुसतील, म्हणून एकदा खेळून पेटी गुंडाळायची. कार्डं तिनंच पिसली. तीन कार्डं न बघता पाकिटात घातली, बाकीची वाटली. तिच्या हातात लाल लुगड्यातली बाई आली. तिला बरं वाटलं. म्हणजे खुनी ती बाई नव्हे. एवढं तरी तिला नक्की माहीत होतं.

खेळ नेहमीसारखा नव्हता. पृथ्वीराज चेष्टा करत नव्हता. फासे पडले की सोंगट्या सरकत होत्या, आणि कोणाचीही पाळी असो, संशय एकच येत होता.

"लाल लुगड्यातली," साळूबाई म्हणाल्या.

"लाल लुगड्यातली," पृथ्वीराज म्हणाला.

आबांनीही तेच विचारलं तेव्हा राजनंदिनीनं नियमाप्रमाणे कार्ड त्यांच्यापुढे धरलं. आबांनी ते बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत इतकी दया होती की तिनं कार्ड पटकन मागं घेतलं.

"असू दे पोरी," ते म्हणाले.

शेवटी पृथ्वीराजनं पाकीट उघडलं आणि तीन कार्डं पटावर मांडली. विष. स्वयंपाकघर. लाल लुगड्यातली बाई.

तिनं आपल्या हातातली कार्डं उलटून बघितली. मांडीखाली बघितलं, सतरंजी झटकली. हातात ती बाई नव्हती. आत्ताच तर दाखवली होती. पेटीत दोन कार्डं आली असतील, छपाईची चूक असेल, दाखवताना आपण पाकिटात... पण पाकीट तर मधोमध होतं, त्याला कुणी शिवलंसुद्धा नव्हतं. तिचं डोकं इयत्ता दहावीच्या पोरासारखं एकाच पायरीवर अडून बसलं.

"कार्ड माझ्याकडं होतं," ती म्हणाली. "आबा, तुम्ही बघितलंत ना?"

पृथ्वीराज कार्डं गोळा करू लागला. कोण जिंकलं हेही कोणी विचारलं नाही. साळूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि जाताना त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मेलेल्याच्या घरात बायका फिरवतात तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पट, फासे, कार्डं, पाकीट, सगळं घंटागाडीत टाकलं आणि गाडी वळेपर्यंत दारात उभी राहिली. पुढच्या सुट्टीच्या संध्याकाळी काय सांगायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं. सुट्टीचा दिवस आला आणि गेला. खेळ कुठं गेला म्हणून कोणी चौकशीच केली नाही. ज्यांना उत्तर मिळालं आहे ते पुन्हा कशाला खेळतील, असा विचार तिच्या मनात आला.

५

फ्लॅटमध्ये मागच्या बाजूला एक खोली होती. पाहुण्यांसाठी एक लोखंडी कॉट, वर धान्याचे डबे, एक शिलाई मशीन. ती खोली बंदच असायची. आता तिचं दार उघडं राहू लागलं. राजनंदिनी लावायची, आणि क्लासवरून येईपर्यंत ते उघडलेलं असायचं. बिजागरी सैल झाली असेल, तिनं स्वतःला सांगितलं. कॉट करकरायची. लोखंड आहे, उन्हानं तापतं आणि निवतं. चालण्याचा आवाज यायचा, एक पाऊल भरीव, एक घसटतं. वरच्या मजल्यावर कुणी लंगडत असेल. वरचा फ्लॅट रिकामा होता, पण आवाज कुठून कुठं जातात याचा काय भरवसा?

एका संध्याकाळी ती क्लासवरून परत आली तेव्हा साळूबाई चहा गाळत होत्या. एक कप त्यांनी साखर घालायच्या आधीच बाजूला काढला.

"हा कुणाचा?"

"तू न्हेऊ नगंस. मी देते," साळूबाई म्हणाल्या, आणि घाईनं कप उचलून घेतला. कप तिच्यापासून लांब धरून त्या भिंतीकडेनं गेल्या. सुनेला त्या भीत होत्या. राजनंदिनीला हे कळलं तेव्हा तिला स्वतःचीच भीती वाटली.

कपडे बदलायला आत जाताना मागच्या खोलीवरून जावं लागायचं. दिवेलागण झाली होती, पण तिथला दिवा लावलेला नव्हता. तिनं ठरवलं होतं, आत बघायचं नाही. आणि तिनं बघितलं.

कॉटच्या कडेला कोणीतरी बसलं होतं. अंग पिळून तोंड भिंतीकडं केलेलं, तिला पाठच दिसत होती. मानेवर बारीक कापलेले केस, पांढरा सदरा, पाठीवर घामाचा ओला पट्टा. पाय दारातून बाहेर, बोळात आले होते. तिला पुढं जायला जागा नव्हती. आणि मग, घरात कुणी जाता-येताना घरचं माणूस जसं न बघता करतं तसं, त्यानं तिला वाट द्यायला पाय आत घेतले. आधी उजवा. मग हातानं उचलून डावा.

ती ओरडली नाही. तिला पुढं गेल्याचंही आठवेना. ती थेट बेडरूममध्ये होती, कडी लावलेली होती, आणि फोनवर पृथ्वीराज कारखान्याच्या आवाजातून हॅलो, हॅलो करत होता.

"अहो, खरं सांगा. माझी शपथ आहे. तुम्हाला काका होते का?"

पलीकडं यंत्रांचा आवाज कमी झाला; तो बाजूला गेला असावा.

"नंदा, फोनवर नको," तो म्हणाला. "घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ दे. आम्ही कुणाला बोललो का आजवर? तू निवांत रहा. मी येतो."

६

तो यायच्या आधी ती आबांकडे गेली. जायला तेवढी एकच जागा तिला उरली होती. बोळातून जाताना तिनं डोळे मिटून घेतले आणि भिंत चाचपत गेली.

आबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. खाली रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या, कुणीतरी भेळेच्या गाड्यावर मोठ्यानं हसत होतं. ती त्यांच्या पायाशी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. एकही पायरी न गाळता, फळ्यावर उदाहरण सोडवावं तसं. खेळ मी मागवला. नाव मी दिलं. तुम्हीच म्हणालात, आपल्या घरात एकही आप्पासो नाही. बिनसाखरेचा चहा मी रचला, आखूड पाय मी रचला. हा माणूस नव्हताच, आबा. तुम्हाला हे आठवतंय ना? तुम्ही तरी म्हणा.

आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांची नजर स्वच्छ होती. बांधावर वाट चुकलेला म्हातारा त्यात कुठंच नव्हता. गेल्या वर्षभर तिनं देवाजवळ मागितली होती ती हीच नजर.

"आठवतंय की," ते म्हणाले. "समदं आठवतंय. पलूसचं सैपाकघर आठवतंय, तुझं लाल लुगडं आठवतंय. पोरी, तू माझी सून न्हाईस, लेक हाईस. पोलिसात गेलो न्हाई, भावकीत बोललो न्हाई, आणि मरूस्तवर बोलणार न्हाई." त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात ऊबदार होते. "त्यो बी रागावल्याला न्हाई. त्याला फकस्त एवढंच कळंना झालंय, म्हणून बसून ऱ्हायलाय. कुणी केलं ते झालं. कशानं ते झालं, कुठं ते बी झालं. का केलंस, तेवढं सांग."

तिच्या मागं, बोळात, एक भरीव पाऊल पडलं आणि एक घसटत आलं. दाराशी येऊन थांबलं.

राजनंदिनी मान वळवणार नव्हती. तिला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, मी नाही केलं. शब्द सोपे होते, खरे होते. तिनं तोंड उघडलं, श्वास घेतला, आबांच्या डोळ्यांत बघितलं.

आणि तिला कारण आठवलं.